माळवदावरची थाळी

फौजदार: थाळीचं सोडा, मास्तर. थाळी कुणीबी वाजवतंय. घरात पोर जलमलं तरी वाजवत्यात. थाळीच्या आदी ह्या माळवदावर फडकलं काय, तेवढं बोला.

मास्तर: कापड फडकलं, फौजदारसाहेब. नुसतं कापड. आणि ते मी सांगितलं होतं फडकवायला.

फौजदार: तुमी? मग जबाबात नाव-काम सांगा.

मास्तर: मी यज्ञेश्वर. हायस्कुलात शास्त्र शिकवतो, मॅट्रिकच्या वर्गाला. ही दाक्षायणी माझी विद्यार्थिनी. तिला काय विचारायचं असेल ते मला विचारा. शाळेपासून धावत आलोय हो, जरा श्वास तरी घेऊ द्या.

फौजदार: घ्या की. पर लई घेऊ नका. गोऱ्या साहेबाला वर्दी गेलीया. घटकाभरात त्येची मोटार गल्लीत येईल. गावात मार्शल लॉ हाय, ठावं हाय न्हवं? चरख्याचा झेंडा लावला म्हंजी सक्तमजुरी. पोरगी हाय म्हणून सोडतील, ह्या भरवशावर ऱ्हाऊ नका. आन् घर कुणाचं? हिच्या बापाचं, चनबसप्पाचं. आपुन बसलोय त्ये दुकान कुणाचं? चनबसप्पाचंच. दुकानाला कुलूप, चनबसप्पाला बेड्या. त्यो बिचारा तिकडं मंद्रूपच्या बाजारात लुगडी इकत बसला आसंल, त्येला पत्ताबी न्हाय.

दाक्षायणी: अप्पांचा काय संबंध नाही यात! ते पहाटेच गाडी जुंपून गेलेत. अव्वा आत स्वयंपाकघरात रडत बसलीय, तिलाही काय ठाऊक नाही. मला विचारा की.

फौजदार: इचारतो की पोरी. हे बग. ह्यो तुकडा तुझ्या हातातनं घेतला आमच्या शिपायानं. वर पांढरा पट्टा, मंदी हिरवा, खाली तांबडा. काय हाय ह्ये?

दाक्षायणी: नमुन्याचं कापड आहे. दुकानातलं. हाताला लागलं ते घेतलं आणि वर गेले.

फौजदार: बरं हाताला लागलं गं! येवढ्या दुकानात नेमकं ह्येच? वर चरखा काढलेला न्हाय, म्हणून मी हितं बसून बोलतोय. चरखा असता तर बोलाया हितं बसलोच नसतो.

मास्तर: साहेब, मी तिला बजावलं होतं की लांबून दिसेल असं कापड घे. तिनं पांढरं घेतलं असतं तर दिसलं नसतं. मागं चुन्यानं रंगवलेल्या भिंती. म्हणून तिनं रंगीत घेतलं. यात तिचं काय चुकलं?

फौजदार: आन् दिसाया कशाला पायजे हुतं? कुणाला दिसाया? शाळंच्या गच्चीवर तुमी आन् तुमची पोरं हुबी. हितं ही पोरगी. हिकडनं फडकं हालतंय, तिकडनं पोरं बगत्यात. आमच्यात ह्येला खुणा करणं म्हणत्यात.

मास्तर: आमच्यात त्याला प्रयोग म्हणतात! आवाजाचा वेग मोजायचा प्रयोग. मैदानावर जमायला तुमचीच बंदी आहे, म्हणून गच्चीवर नेली पोरं. हिचं घर शाळेपासून चांगलं अर्ध्या मैलावर, आणि माळवद गच्चीवरून सरळ दिसतं. हिनं एका हातानं कापड वर धरायचं. ते खाली टाकताक्षणी दुसऱ्या हातानं थाळीवर ठोका द्यायचा. कापड पडलेलं आम्हाला लगेच दिसतं, ठोका मागाहून ऐकू येतो. मधला वेळ मोजायचा. संपलं.

फौजदार: मागनं का म्हणून? ठोका तर तवाच दिला की.

मास्तर: कारण आवाज चालत येतो. त्याला वाट कापायला वेळ लागतो.

फौजदार: आवाज चालतोय! बगा बगा. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा न्हवं का मास्तर? साहेबाला हे सांगू? "सायेब, आवाज चालत हुता, म्हणून झेंडा हालला"?

मास्तर: पटत नाही ना? मग दाखवतो. दाक्षायणी, एक नऊवारी काढ. सुती, जाडसर. त्याला पीळ दे.

दाक्षायणी: सर, आता?

मास्तर: आत्ताच. साहेब, हे टोक तुम्ही धरा. घट्ट. तिकडं उंबऱ्याशी बसा.

फौजदार: मी? फौजदार हाय मी, गिऱ्हाईक न्हवं.

मास्तर: माझ्यावर नाही ना विश्वास? मग डोळ्यांवर ठेवा. दाक्षायणी, मध्यावर एक तांबडा दोरा बांध. हं. आता पाहा. मी माझं टोक एकदाच झटकतो.

फौजदार: आरारा! हातात धक्का बसला की माझ्या.

मास्तर: बसला ना? कुणी दिला?

फौजदार: तुमी दिला.

मास्तर: मी तर इथं बसलोय. लुगडं सरकलं का तुमच्याकडं? त्या तांबड्या दोऱ्याकडं बघा. पुन्हा झटकतो. कुठं गेला दोरा?

फौजदार: कुटं न्हाय. हिकडं-तिकडं हालला आन् ऱ्हायला जाग्यावर.

मास्तर: मग तुमच्यापर्यंत पोचलं काय?

फौजदार: ... फुगोटा आला. त्यो पळत आला. लुगडं न्हाय आलं.

मास्तर: तीच लाट! लाट पुढं जाते आणि ज्यातून जाते ते जागेवर राहतं. तळ्यात दगड टाका, पाण्यावरचं पान तिथंच वरखाली होईल, काठाला येईल ती लाट. हे उदाहरण माझं नाही हं, हिचं. चनबसप्पा गिऱ्हाइकापुढं लुगडं अंथरतात तेव्हा असं झटकतात, पदरापर्यंत घडी मोडत जाते. हिनं वर्गात उभं राहून सांगितलं. बत्तीस मुलगे माना खाली घालून बसले होते तेव्हा!

दाक्षायणी: सर, राहू द्या ते.

फौजदार: पर हवेत कुटं लुगडं हाय?

मास्तर: हवाच. थाळी थरथरते, शेजारच्या हवेला ढकलते, ती पुढच्या हवेला. तुमचे शिपाई रांगेत खेटून उभे आहेत असं समजा. शेवटच्याला मागनं धक्का दिला तर?

फौजदार: फुडचा त्वांडावर पडंल.

मास्तर: आणि मधल्या कुणी जागा सोडली?

फौजदार: कोन सोडंल? धक्का तेवढा फुडं गेला... मास्तर, एक इचारतो. जरा जोरात वाजवली थाळी, तर आवाज लवकर पोचंल?

मास्तर: नाही. हे सगळ्यांना वाटतं. जोरात वाजवली तर मोठा ऐकू येईल. लवकर नाही. लाटेची उंची तुमच्या हातात, तिची चाल तुमच्या हातात नाही. ती हवेच्या हातात.

फौजदार: आन् मी हे टोक आसं दाबून धरलंय, त्येचं काय? फुगोटा आला, हातावर आदळला, मग मेला का तितंच?

मास्तर: बघा मेला का. झटकतो. परतीला नीट लक्ष ठेवा.

फौजदार: परत गेला! आन् उलटा हून गेला! येताना डावीकडं हुता, जाताना उजवीकडं.

मास्तर: टोक बांधून टाकलं की लाट मरत नाही. उलटून परत येते.

फौजदार: हं. ... हे साहेबाला सांगू नका. त्येला आवडणार न्हाय.

दाक्षायणी: झालं ना आता समाधान? मग माझं कापड द्या की परत.

फौजदार: थांब. घाई कशाला? मास्तर, प्रयोग तुमचा खरा हाय, मानलं. आता उत्तर सांगा.

मास्तर: कसलं उत्तर?

फौजदार: आवो, मोजलंत न्हवं? कापड पडल्यापासनं ठोका ऐकू येस्तोवर किती येळ गेला? साहेब पयला ह्योच सवाल करंल.

मास्तर: गेल्या वर्षी केला होता तेव्हा सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास...

फौजदार: गेल्या साली कोन इचारतंय? आजचं सांगा. सकाळचं.

मास्तर: आज... आज वारं फार होतं. ज्येष्ठातलं वारं तुम्हाला ठाऊक आहे. आकडा नीट आला नाही.

फौजदार: नीट न्हाय आला, पर आला तर आसंल? वाकडा का हुईना?

मास्तर: नाही सांगता येत.

फौजदार: घड्याळ कुणाच्या हातात हुतं?

मास्तर: माझ्या.

दाक्षायणी: पहिल्या खेपेला कुणाचाही चुकतो आकडा! दोन-तीनदा करून मग धरायचा असतो. तुम्ही शिपाई पाठवला म्हणून दुसऱ्यांदा करता नाही आलं. आता आमच्यावरच उलट?

फौजदार: पोरगी चटचट बोलती. बरं मास्तर, आकड्याचं ऱ्हाऊ द्या. एक सरळ गोष्ट करू. ह्यो नमुना हाय म्हणती ही. म्हंजी कुटल्यातरी ताग्यातनं कापलेला. त्यो तागा दाखव, पोरी.

दाक्षायणी: तागा... विकला गेला.

फौजदार: कुणाला?

दाक्षायणी: अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला. गेल्या आठवड्यात.

फौजदार: सगळा?

दाक्षायणी: सगळा.

फौजदार: बगा की, सगळा तागा अक्कलकोटला आन् नमुना तेवढा माळवदावर. पर आणखी एक इलाज हाय. सोलापुरात शेंबडं पोरबी सांगंल. मागावर विणलेलं कापड आसंल तर तिन्ही पट्टं एकाच सुतात येत्यात, सलग. झेंडा करायचा आसंल तर तीन कापडं कापून शिवावी लागत्यात. विणलेला म्हंजी माल. शिवलेला म्हंजी झेंडा. एवढ्यावर निकाल.

दाक्षायणी: विणलेलाच आहे.

फौजदार: तुला न्हाय इचारलं. मास्तर, हे धरा. माझं डोळं आता जवळचं धरत न्हाईत. दोन सालं झाली. तुमी बगून सांगा, विणलेलं हाय का शिवलेलं.

मास्तर: मी कशाला? तुमच्या शिपायाला दाखवा.

फौजदार: शिपायाचं साहेब ऐकत न्हाय. तुमचं ऐकंल. ज्ञानबा म्हणून पोरगा हुता तुमच्या वर्गात, आठवतंय? माझा पुतण्या. एका मार्कानं नापास केलात त्येला. त्येची आई तुमच्या पायावर पडली, मी सोता येऊन शब्द टाकला. तुमी म्हणालात, "जे नाही ते मी आहे म्हणून लिहिणार नाही." मला लई राग आलता तवा. पर त्या दिसापासनं मी सगळ्यास्नी सांगतो, ह्यो माणूस खोटं बोलत न्हाय. साहेबालाबी तेच सांगीन. म्हणून तुमीच बगा.

दाक्षायणी: सर...

मास्तर: तू गप्प बस.

फौजदार: उजेडाकडं धरा. हां. शिवण आसंल तर मागल्या अंगाला दिसंल.

मास्तर: बघतोय.

फौजदार: बगा. सावकाश... न्हाय, सावकाश न्हाय. ऐकलंत? भोंगा. आली मोटार.

दाक्षायणी: कुठं? गल्लीत तर काय दिसत नाही.

मास्तर: दिसणार नाही. वळणाच्या पलीकडं असेल. आवाज कोपरा वळून येतो, उजेड येत नाही.

फौजदार: आता शिकवू नका, मास्तर! आता सांगा. मी दारात जाऊन साहेबाला काय म्हणू? आत आला तर त्यो सगळं दुकान उलटंपालटं करंल, चनबसप्पाला मंद्रूपहून बांधून आणंल, आन् ह्या पोरीची शाळा तर गेलीच. विणलेलं का शिवलेलं?

मास्तर: कापड उलटं करू द्या.

फौजदार: मास्तर!

मास्तर: विणलेलं.

फौजदार: पुन्यांदा बोला. साहेबाला सांगायचंय मला.

मास्तर: विणलेलं आहे. एकाच मागावरचं. कुठंही शिवण नाही. माझं नाव सांगा त्यांना.

फौजदार: सांगतो. कापड हितंच ऱ्हाऊ द्या. साहेब काय लुगडी घ्याया आला न्हाय. तुमी दोघं हितनं हलू नका.

(फौजदार बाहेर जातो. मोटार दाराशी येऊन थांबते. इंजिन चालूच राहतं.)

दाक्षायणी: सर, तुम्ही...

मास्तर: हळू. बाहेर ऐकू जाईल. हे टाके कुणी घातले?

दाक्षायणी: मी.

मास्तर: कधी?

दाक्षायणी: अप्पांची गाडी वेशीबाहेर पडल्यावर. घाईत घातले. तीन ताग्यांतून तीन पट्ट्या फाडल्या. चरखा काढायला वेळ मिळाला नाही.

मास्तर: नशीब माझं, चरखा राहिला! दाक्षायणी, मला राग आलाय. फार राग आलाय. सबंध वर्ग गच्चीवर उभा होता. माझी लाट, माझी थाळी, आणि तिच्याआडून तू हे केलंस? मला एका शब्दानं विचारलं नाहीस?

दाक्षायणी: विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.

मास्तर: म्हणालोच असतो! तुझ्या बापाचं दुकान आहे. तुझं मॅट्रिक आहे. या गल्लीत पुन्हा कुठली मुलगी हायस्कुलात जाणार? तुझ्या शाळेसाठी चनबसप्पांकडं चार खेपा फुकट गेल्या माझ्या. पाचव्यांदा तुझ्या अव्वानं चहा तरी दिला. ते सगळं एका फडक्यापायी?

दाक्षायणी: फडकं नाही ते.

मास्तर: आता मला तू शिकवणार?

दाक्षायणी: नाही सर. चूक झाली, ती कबूल. तुम्हाला न सांगता तुमच्या प्रयोगात घुसवलं, ती चूक माझी. तुमच्या तोंडून खोटं निघालं, तेही माझ्यामुळं. पण लावला, ती चूक नाही म्हणणार मी. गावात महिनाभर कुणी मान वर करून बघितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना दिसेल असं धर. मला वाटलं, मग दिसू द्या की.

मास्तर: आणि फौजदार बाहेर माझ्या शब्दावर उभे आहेत. एका मार्कासाठी मी त्या पोराचं वर्ष घालवलं. आता काय तोंड दाखवू त्या ज्ञानबाला?

दाक्षायणी: सर, पाणी आणू?

मास्तर: नको. ऐक. इंजिनचा आवाज बदलला का?

दाक्षायणी: बदलला. लांब चाललाय.

मास्तर: बारीक होतोय?

दाक्षायणी: बारीक होतोय. गेली सर, मोटार गेली! अव्वा... अव्वा, गेले ते! रडू नको गं.

फौजदार: गेले म्हणून नाचू नका. मी हायच की अजून.

मास्तर: फौजदारसाहेब! काय म्हणाले ते?

फौजदार: काय म्हणणार? मी लाटंचं सांगाया लागलो. शिपाई रांगंत हुबं करून धक्का देऊन दावू का म्हणालो. त्यो म्हणाला, "यू फूल", आन् मोटारीत बसला. जाऊ द्या. माझी छडी ऱ्हायली हितं, तेवढी न्याया आलोय.

दाक्षायणी: ही घ्या.

फौजदार: हां. आन् पोरी, एक सांगतो.

दाक्षायणी: काय?

फौजदार: फुडच्या येळंला येवढं लांब लांब टाकं घालू नगंस. दारातनं दिसत्यात. आज सांजच्या आत उसवून टाक, आन् तिन्ही पट्ट्या चुलीत न्हाय, तीन जागी ठेव. जळक्या कापडाचा वास गल्लीभर जातोय. त्योबी चालत असंल, का वो मास्तर?

मास्तर: तुम्ही तर म्हणालात, जवळचं दिसत नाही.

फौजदार: मी काय म्हणालो आन् तुमी काय म्हणालात, दोन्ही साहेबाच्या कानावर गेलंय. आता ते माघारी येत न्हाय. येतो. ज्ञानबा औंदा पुन्यांदा बसलाय परीक्षेला. त्येला मार्क जास्ती देऊ नका. कमीबी देऊ नका.

दाक्षायणी: गेले. ... सर, बसा की जरा. उभेच आहात मघापासून.

मास्तर: कात्री आण. मी धरतो, तू उसव. उजेड आहे तोवर होऊ दे.

दाक्षायणी: तुम्ही उद्या येऊ द्याल ना मला वर्गात?

मास्तर: येऊ देणारा मी कोण? नाव तुझं पटावर आहे. पण प्रयोग पुन्हा करावा लागेल. एकरंगी कापडावर, आणि माझ्या डोळ्यांदेखत.

दाक्षायणी: पहिल्या खेपेचा आकडा घेऊन दुसऱ्याशी ताडून बघू की. काय आला होता सर, खराच? वाऱ्यामुळं चुकला?

मास्तर: वारं कसलं? आकडा आलाच नाही.

दाक्षायणी: म्हणजे? ठोका ऐकू नाही आला?

मास्तर: आला. चांगला खणखणीत आला. पण तेव्हा कुणी मोजत नव्हतं. कापड वर गेलं, आणि गच्चीवर बसलेली सगळी पोरं उठून उभी राहिली. ताठ. कुणी सांगितलं नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. एकाकडून दुसऱ्याकडं गेलं आणि शेवटच्यापर्यंत पोचलं.

दाक्षायणी: पण घड्याळ तर तुमच्या हातात होतं ना?

मास्तर: होतं. उभं राहताना मी ते खिशात घातलं.